हातभर अंतरावरचा चेहरा

चाकण,
१९ जानेवारी २०२५

ती. कुसुमताईस,
सयाजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र तुझ्या ज्ञानेशच्या हाती देतो आहे. तो कंपनीच्या बसमध्ये बसला की नाशिक फाट्यापर्यंत घोरतो असं ऐकलं (म्हणजे वाचलं, ऐकणार कुठून), तेव्हा पत्र तुझ्यापर्यंत येतं की बसबरोबर फिरत राहतं ते बघू. आमचा पोरगा गणराज म्हणतो, आता पत्रं कोण लिहितं, मोबाइलवर टाइप करा. त्याला काय सांगू. मोबाइलच्या उजेडाभोवती मला वलयं दिसतात आणि अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात. कागदावर काळं पेन बरं. तूही जरा ठळक लिहीत जा, तुझं अक्षर सध्या मुंग्यांसारखं दिसतं.

त्याचं कारणही कळलं आहे, आणि ते गोड नाही. कंपनीत डोळ्यांचं शिबिर होतं. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. छप्पन्नाव्या वर्षी मोतीबिंदू म्हणून मी हसलो, पण तपासणारी डॉक्टर हसली नाही. तिनं दिव्याखाली बघितलं, मग दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं, आणि दोघं माझ्या डोळ्यात विहिरीत वाकून बघावं तसं बघत राहिले. गणराजनं मला नंतर लिहून दाखवलं. बुबुळावर जुन्या चिरा आहेत, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. हे साधं ऑपरेशन नाही, शिबिरात आम्ही करणार नाही, मोठ्या दवाखान्यात जा.

तुला आठवत असेल. कारखान्याच्या हॅमर शॉपला, तापल्या लोखंडावर यंत्राचे घण पडतात तिथे, चष्मेवाला पोरगा घेत नव्हते म्हणून आपण पुण्याला जाऊन माझ्या चष्म्याचा नंबर घालवून घेतला होता. तेव्हा लेझर-बिझर नव्हतं, ब्लेडनं चिरा मारायचे. आता मोतीबिंदू काढून आत जे भिंग बसवायचं, त्याचा नंबर यंत्र काढतं, आणि या चिरांमुळे यंत्रच फसतं म्हणे.

नोकरीसाठी डोळे चिरून घेतले, त्या नोकरीनं कान खाल्ले, आणि कान गेल्यावर ज्या डोळ्यांनी ओठ बघून मी माणसांचं बोलणं ऐकतो तेच आता चालले. हिशेब बघ कसा जमला. विजयश्री म्हणते, असं वाकडं बोलू नका. मी म्हणतो, सरळ काय आहे ते दाखव.

प्राजक्ता आता पुष्कळ बोलते. नात तीन वर्षांची झाली, तिचा आवाज मी एकदाही ऐकलेला नाही. पण तिनं स्वतःच एक युक्ती काढली आहे. बोलायच्या आधी मांडीवर चढते, माझी हनुवटी धरते, तोंड आपल्याकडे वळवते आणि मग बोलते. घरात तिच्याइतकं स्पष्ट कोणी बोलत नाही. हल्ली ती धुक्यातून बोलते असं वाटतं.

भाऊजींच्या फोटोला माझा नमस्कार. मला जुन्या नावानं हाक मारणारी तू एकटीच उरली आहेस, तेव्हा तब्येतीला जप. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
सयाजी


संत तुकाराम नगर, पिंपरी
२६ जानेवारी २०२५

चि. सयाजीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे बघ, स्केचपेननं लिहिते आहे. आता मुंग्या नाहीत, झुरळं आहेत. समाधान झालं ना?

तुझं पत्र वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पुण्याचं सगळं आठवलं. पट्टी सुटल्यावर काळा गॉगल लावून तू शिवाजीनगरच्या स्टँडवर हिरोसारखा उभा होतास आणि समोरची एसटी दिसत नव्हती. मी तुझा हात धरून तुला चढवलं, तर कंडक्टरनं आंधळ्याची सवलत हवी का विचारलं. तू चिडलास. पंधरा दिवसांनी मात्र कारखान्याच्या गेटवरची पाटी लांबून वाचून दाखवलीस आणि आईनं पेढे वाटले. तेव्हा कोणाला काय माहीत होतं. तो डॉक्टर वारला, दवाखान्याच्या जागी आता कपड्यांचं दुकान आहे. मी ज्ञानेशला मुद्दाम पाठवलं होतं. नव्या भिंगाच्या हिशेबाला लागणारी तेव्हाची मापं कुठेच मिळणार नाहीत, त्या आशेवर राहू नकोस.

आता माझं ऐक, म्हणजे वाच. मोठ्या दवाखान्यात गेलास की आधी सांगायचं की मला ऐकू येत नाही. पहिलं वाक्य हेच. तुझी सवय मला माहीत आहे. हॅमर शॉपमध्ये कानाच्या चाचणीत जो नापास होई त्याला हॅमरवरून उतरवायचे, म्हणून तुम्ही सगळे साहेबासमोर ऐकू आल्यासारखी मान हलवायला शिकलात. साहेब काय म्हणतोय याच्याशी देणंघेणं नाही, मान आपली वरखाली. ज्ञानेशच्या लग्नात पंगतीत वाढप्याला मान हलवून हलवून तू अकरा जिलब्या खाल्ल्यास. दवाखान्यात ते चालणार नाही.

विजयश्रीला सोबत आत ने. तिचे गुडघे कसे आहेत? रूपालीला म्हणावं, सुनेनं सासूला जिना चढू देऊ नये. प्राजक्ताची हनुवटी धरायची युक्ती वाचून मी आधी हसले, मग रडले. पापा दे तिला.

मनात राग धरू नकोस, बोलते ते तुझ्या भल्यासाठी.

तुझी,
ताई


चाकण,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झुरळं पोचली. वाचताना त्रास झाला नाही, वासही आला नाही.

मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. दोन चकरा झाल्या, एक सकाळची आणि एक संध्याकाळची, कारण चिरांच्या डोळ्याचा नंबर दिवसभर हलतो. सकाळी एक आणि दिवे लागायच्या वेळी दुसरा. यंत्राच्या पोरीनं दोन्ही वेळा माप घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. घणाखालचं तापलेलं लोखंड थंड झालं की माप आखडतं तसंच हे. पण लोखंडाला टॉलरन्स असतो, इतकं इकडेतिकडे चालेल असा, माझ्या डोळ्याला तो किती, ते कोणी सांगत नाही.

मग डोळ्यांत थेंब टाकले आणि बाहुल्या मोठ्या करून आत नेलं. गणराज काउंटरच्या रांगेत होता आणि विजयश्रीला एका वेळी एकच म्हणून बाहेर बसवलं. मोठे डॉक्टर भले माणूस वाटले. तोंडाला मास्क होता, पण डोळे चांगले होते. बराच वेळ समजावून सांगत होते. मीही सगळ्याला हो म्हटलं. होळीनंतर उजवा डोळा करायचा ठरलं आहे.

तेव्हा काळजी करू नकोस. इकडे तळेगाव चौकात गाड्यांची रांग हलत नाही, नेहमीचंच. विजयश्रीचे गुडघे दुखतात पण तोंड दुखत नाही, हे मला बघून कळतं.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
सयाजी


संत तुकाराम नगर,
१ मार्च २०२५

चि. सयाजीस आशीर्वाद.

कशाला हो म्हटलंस?

मास्क होता. डोळ्यांत थेंब होते. म्हणजे ओठ दिसत नव्हते आणि असते तरी तुला वाचता आले नसते. मग डॉक्टर बराच वेळ काय समजावत होते आणि तू कशाला हो म्हटलंस, ते मला लिही. ऐकू येत नाही हे सांगितलंस का, तेही लिही. मी ज्ञानेशला विचारायला लावलं तर तू गेटवर त्यालाही मान हलवून दाखवलीस म्हणे.

आमच्या खालच्या उद्धवरावांचं मोतीबिंदूचं झालं. त्यांना विचारून घेतलं. ते म्हणाले, भिंग एकाच अंतराचं बसतं. लांबचं साफ ठेवायचं की जवळचं, हे डॉक्टर आधी विचारतात. बहुतेक लोक लांबचं मागतात, गाडी चालवायला, आणि पेपरला चष्मा लावतात. सयाजी, तुझं लांबचं आणि जवळचं दोन्ही नाही. तुझं मधलं आहे. हात पुढे केला की जिथे पोचतो, तिथे समोरच्याचा चेहरा असतो आणि तिथेच तुझे कान आहेत. हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार? पुन्हा जा. विजयश्रीला आत ने. नाहीतर मी येते.

उत्तराची वाट बघते.

ताई


चाकण,
१३ एप्रिल २०२५

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र वेळेत मिळालं होतं. मी ते खिशात ठेवून कामावर गेलो आणि उत्तर दिलं नाही. पुन्हा जाऊन डॉक्टरांना काय सांगायचं, की त्या दिवशी मला एक अक्षर कळलं नव्हतं? मला लाज वाटली. एवढी साधी गोष्ट आहे.

उजवा डोळा झाला. भिंग लांबच्या अंतराचं बसवलं आहे. विजयश्रीनं नंतर डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, पेशंटनं स्वतः पसंत केलं होतं, दोनदा विचारून घेतलं होतं. खरं आहे. मी दोनदा मान हलवली असणार.

बरं, लांबचं तरी दिसावं. चिरांमुळे अंदाज चुकला आणि नंबर पलीकडे गेला. लांबचंही पुसट, जवळचं तर नाहीच. डॉक्टर म्हणतात, चिरा सुजल्या आहेत, दोन-तीन महिने थांबा, थोडं मागे येईल. तोवर तात्पुरता चष्मा दिला. सकाळी बरा वाटतो आणि दुपारच्या चहापर्यंत खोटा पडतो. त्या डोळ्यानं विजयश्रीकडे बघितलं तर एका तोंडाला तीन तोंडं दिसतात, थोडी थोडी सरकलेली. कोणते ओठ हलतात तेच कळत नाही. म्हणून मी उजवा डोळा मिटून डाव्या, मोतीबिंदूच्या डोळ्यानं तिचं बोलणं वाचतो. ज्याचं ऑपरेशन झालं नाही तोच डोळा कामाला येतोय.

मला आता स्टोअरमध्ये बसवलं आहे. माणसं येतात, तोंड हलवतात, जातात. त्यांनी बोल्ट मागितला तर मी नट देतो. कोणी रागावत नाही, ते जास्त वाईट वाटतं. जेवायच्या सुट्टीत मी एकटा बसतो, कारण टेबलाभोवती चार जण बोलायला लागले की मला सगळ्यांचं तोंड एकच वाटतं.

ताई, मी खचलो आहे. खोटं कशाला लिहू. दुसरा डोळा मी करणार नाही. त्यात धुकं आहे, पण धुक्यात प्राजक्ताचं तोंड एकच दिसतं.

रागावू नकोस.

सयाजी


संत तुकाराम नगर,
२० एप्रिल २०२५

चि. सयाजीस,
पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

रागावले होते. ताटावर बसले आणि तशीच उठले. नंतर ज्ञानेशनं सांगितलं की मामा गेटवर बसच्या पायऱ्या हातानं चाचपत होते, आणि राग कुठल्या कुठे गेला.

मी गुरुवारी आले तेव्हा तू झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. विजयश्रीला घेऊन थेट डॉक्टरांकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, हॅमरचं, कानाचं, मान हलवण्याचं. त्यांनी मास्क काढला. मग म्हणाले, कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं.

दुसऱ्या डोळ्याचं त्यांनी कागदावर काढून समजावलं. पहिल्या डोळ्यात अंदाज किती आणि कुठल्या बाजूला चुकला हे आता कळलंय, म्हणून दुसऱ्याचा अंदाज जास्त बरोबर येईल. भिंग हातभर अंतराचं ठेवता येईल. पण वचन देता येत नाही. मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्यांनी हेच सांगितलं. न करण्याचंही विचारलं. मोतीबिंदू पिकत चालला आहे, दिवाळीपर्यंत त्या डोळ्यानं उजेड आणि अंधार एवढंच कळेल, असं म्हणाले.

म्हणजे धुकं आहे तसं राहणार नाही, सयाजी. ते दाट होणार. राहिलं असतं तर मीच म्हटलं असतं, राहू दे.

तू ठरव. मी तुझ्यासोबत आत येईन आणि तुझ्या वतीनं बोलेन. एवढीच अट आहे, की मला काही कळलं नाही तर तू मान हलवायची नाहीस, आणि तुला कळलं नाही तर मीही हलवू देणार नाही.

जेवण टाकू नकोस. प्राजक्ताला तिच्या आजोबांची ताई, एक आत्या-आजी, पिंपरीत आहे हे सांगत जा.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई


चाकण,
१७ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रूपालीनं मोठ्या रेघांची वही आणून दिली, तरी ओळी एकमेकींत घुसतात. समजून घे.

उजव्या डोळ्याचे थांबायचे महिने होऊन गेले. नंबर मागे आला, पण थोडाच. आता डावा. परवा दिवस ठरला आहे, आणि तू येणार आहेस म्हणून मी जातो आहे.

कालपासून मी घरातली माणसं बघून घेतो आहे. विजयश्रीला म्हटलं, समोर बस आणि काहीही बोल. तिनं विचारलं काय बोलू. मी म्हटलं, भाजीचं बोल. ती वांग्याचं बोलत राहिली आणि मी बघत राहिलो, शेवटी तिच्या डोळ्यांना पाणी आलं. तेवढं धुक्यातूनही दिसलं.

प्राजक्तानं हनुवटी धरून विचारलं की आजोबा तुम्ही दवाखान्यात सुई टोचल्यावर रडणार का. सगळं कळलं, एकेक शब्द. मी म्हटलं, रडणार. तिनं सांगितलं की मग मी फुंकर घालीन. ताई, ही पोरगी शाळेत जाईल, मोठी होईल, काय काय सांगेल. मला फार काही नको आहे. हिमालय नको, गाडी चालवायला नको, गेटवरची पाटी नको. मांडीवरून माझ्या तोंडापर्यंत जेवढं अंतर आहे तेवढंच हवं आहे.

पट्टी काढल्यावर तू समोर बस. हातभर अंतरावर. आणि असं काही विचार की ज्याला हो किंवा नाही म्हणून चालणार नाही. म्हणजे तुलाही कळेल आणि मलाही.

तोवर लोभ असू दे, आणि नंतरही.

तुझा,
सयाजी


संत तुकाराम नगर,
२८ सप्टेंबर २०२५

चि. सयाजीस,
ताईचा आशीर्वाद.

हे पत्र विजयश्री वाचेल आणि बोटानं एकेक अक्षर तुझ्या तळहातावर काढेल, असं आमचं ठरलं आहे. म्हणून थोडक्यात लिहिते. तिचं बोट दुखेल.

डॉक्टरांनी काम मन लावून केलं. मी आत होते, मी बघितलं. चिरा पुन्हा सुजल्या, एक चीर थोडी उघडली, ती त्यांनी टाका घालून मिटवली. हिवाळ्यापर्यंत थांबा म्हणतात. नंतर डोळ्यावर वरून कडक कॉन्टॅक्ट लेन्स लावून बघू म्हणतात. मी थांबायला तयार आहे. पण आशा आहे असं मी लिहिणार नाही, कारण तुझ्याशी मला खोटं बोलायचं नाही, आणि आता तूही माझ्याशी बोलू नकोस.

पट्टी काढली त्या सकाळी मी तुझ्यासमोर बसले, हात पुढे करून अंतर मोजलं, तुझा गुडघा दाबला आणि विचारलं. तू ठरवल्याप्रमाणेच विचारलं. आई तुला लहानपणी कोणत्या नावानं हाक मारायची, असं विचारलं होतं.

तू हसलास आणि मान हलवलीस.

मी पुन्हा विचारलं. तू पुन्हा हलवलीस, आणि विजयश्रीला म्हणालास की ताई दिसतेय, सगळं छान दिसतंय. विजयश्रीनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनाही तू मान हलवलीस.

दुपारी घरी प्राजक्ता तुझ्या मांडीवर चढली. तिनं हनुवटी धरून तुझं तोंड आपल्याकडे वळवलं आणि विचारलं की फुंकर कुठल्या डोळ्यावर घालू. तू मान हलवलीस. तिनं परत विचारलं, आणखी हळू, तोंड मोठं करून. तू मान हलवलीस. मग तिनं तुझी हनुवटी सोडली आणि उतरून आईकडे गेली. तेव्हापासून ती तुझी हनुवटी धरत नाही असं विजयश्री सांगते. पोरीला तुझ्याआधी कळलं.

म्हणून हे पत्र. घरात यापुढे मान हलवायची नाही. कळलं नाही तर हात पुढे करायचा, तळहात वर करून. प्राजक्ताला अजून अक्षरं येत नाहीत, ती पुढच्या वर्षी शिकेल. तोवर तिला तुझ्या तळहातावर काय काढायचं असेल ते काढू दे. नुसत्या रेघा काढील, त्याही घे.

मी दर गुरुवारी येईन. माझं बोट म्हातारं आहे, सावकाश चालेल.

तुझ्याआधी दोन मुलं गेली, तू तरी टिकावास म्हणून आईनं तुला जे नाव ठेवलं, ते शेवटी तळहातावर काढायला विजयश्रीला सांगितलं आहे. हात मागे घेऊ नकोस.

दगडू.

तुझी,
ताई